ज्याचा हात त्यानं न्यावा

॥ श्री ॥

उस्मानपुरा, औरंगाबाद
मार्गशीर्ष वद्य ४, शके १८६२

चि. रा. बद्रीनाथ भाऊजी यांस चतुराबाईचे अ. उ. आ. इकडलं सर्व क्षेम आहे असं आरंभी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते.

नऊ वर्षांत तुम्हाला माझं हे पहिलंच पत्र. पत्ता चुकणार नाही, कारण पिशोरात मास्तर बरेच असतील, पण हेकट मास्तर एकच. दिवाळी झाल्यावर तुमच्या दादांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी तोंड धुवायला उठले ते पडलेच. आठ दिवस आम्ही देव पाण्यात ठेवले होते. आता धोका टळला आहे. पाय ओढत भिंतीपर्यंत जातात. जिभेला काही झालं नाही. तिला काही होईल अशी भीती मला नव्हतीच.

भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. एकदा त्यांचं अंग पुसताना मी डावा हात उचलला, तर मला म्हणाले, हा कोणाचा हात माझ्या अंथरुणात आणून ठेवलास? ज्याचा असेल त्याला देऊन ये. मला वाटलं थट्टा करताहेत. लग्न झाल्यापासून त्यांनी एकही थट्टा केलेली नाही, तेव्हा तिथंच समजायला हवं होतं की दुखणं डोक्यापर्यंत पोचलंय. मी खांद्यापासून बोटांपर्यंत हात फिरवून दाखवला, की बघा, तुमच्याच खांद्याला लागलेला आहे. त्यावर म्हणाले, लागलेला दिसतो खरा, पण लागलेला असला म्हणजे आपला असतो असं नाही.

मग त्यांनी रीतसर चौकशी चालवली. तुम्ही जाणताच, तहसील कचेरीत जन्मभर पेशकारी केलेला माणूस, कागदपत्र पुढं ठेवल्याशिवाय साहेबाला सहीसुद्धा करू देत नसे. पहिला पुरावा, त्यांच्या हातात पुष्कराजाची अंगठी असते, या हातात नाही. (सूज आली म्हणून सोनाराकडून मीच कापून घेतली.) दुसरा पुरावा, या हाताच्या बोटांना पांढरी भुकटी लागलेली आहे. (शफीक हकिमांचा लेप वाळून गळतो, ती.) भुकटी म्हणजे खडू, खडू म्हणजे मास्तर, आणि आपल्या घराण्यात मास्तर एकच. दुपारपर्यंत निकाल लागला. हा हात बद्रीचा आहे.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त अडलं. हकीमजी म्हणाले, फालिज, थंड वाऱ्यानं होतो. माझ्या मामेभावानं पत्रिका काढून शनीचं नाव घेतलं. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की याच्याशी वाद घालू नका. हे मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच शिकले होते, फी न देता.

भाऊजी, हात तुमचा असो की नसो, या घरात तुमचं नाव निघालं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हकीमजी म्हणतात, थंडीत दुसरा झटका येतो, तो पहिल्यासारखा दया करत नाही. एकदा येऊन भेटून जा. लोभ असावा असं लिहीत नाही. होता तो कुठं ठेवलाय, तेवढं कळवा.

आपली,
चतुराबाई

॥ श्री ॥

पिशोर
मार्गशीर्ष वद्य ११

ति. सौ. वहिनींच्या सेवेशी बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं, आणि तुमची जाऊ म्हाळसा म्हणते की मी ते चारदा वाचलं. ती मोजत बसते, मी वाचत होतो एवढंच.

पण माझा हात दादांच्या अंथरुणात कसा गेला हे मला उमगलेलं नाही. माझे दोन्ही हात इथं आहेत आणि आज सकाळीच त्यांनी तिसरीच्या वर्गाला चोपलं आहे. शिवाय माणूस परका असला की त्याचा हातही परकाच. मी परका आहे हे माझं म्हणणं नाही. दादांनीच ते भर सभेत जाहीर केलेलं आहे.

तुम्ही तेव्हा इथं नव्हता, म्हणून एकदा नीट सांगतो. तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले, पिशोरात मुक्काम पडला. साहेबाचे तंबू, पलंग आणि न्हाणीची तांब्याची हंडी मुंजाबा धनगर आणि त्याच्या भावकीनं वेठीला धरून कन्नडहून डोक्यावर आणली होती. दुपारी दरबार भरला. साहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, गावाची काही तक्रार? रिवाज असा, की हा प्रश्न विचारायचा असतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं. सगळ्यांनी माना खाली घालून, हुजुरांच्या मेहेरबानीनं सब खैरियत, असं म्हणायचं असतं. मी नवा मास्तर. मला वाटलं, प्रश्न विचारला म्हणजे उत्तर पाहिजे. शाळेत तसंच असतं. मी उठून म्हणालो, तंबू आणणारी माणसं सकाळपासून उपाशी आहेत, त्यांच्या मजुरीचं राहू द्या, भाकरीचं तेवढं बघा.

सगळा दरबार माझ्याकडं असा बघत होता जणू माझं धोतर सुटलं आहे. साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या पेशकारांना विचारलं, हे आपले कोणी लागतात का, चेहरा मिळतो. आणि पेशकार आप्पासाहेब, ज्यांनी मला खांद्यावर बसवून वेरूळची जत्रा दाखवली, ते हात बांधून म्हणाले, जी नाही हुजूर, गावातला कुणी आहे, आमचा कुणी नाही.

वहिनी, मुंजाबाला त्या संध्याकाळी भाकरी मिळाली. मला भाऊ मिळाला नाही. मी रागावलेलो नाही, दुखावलेलो आहे, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. दादांनी स्वतःच्या तोंडानं बोलावलं तर येईन. हाताच्या सांगण्यावरून येणार नाही.

मुंजाबा मेंढरं घेऊन तिकडं येतो आहे. त्याच्याबरोबर घाण्याचं तिळाचं तेल पाठवलं आहे. खांद्यापासून खाली बोटांपर्यंत चोळावं, उन्हात बसवून. कुठून आलं हे दादांना सांगू नये.

कृपा आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपला,
बद्रीनाथ

॥ श्री ॥

उस्मानपुरा
पौष शुद्ध ६

चि. रा. बद्रीनाथ भाऊजी यांस चतुराबाईचे अ. उ. आ. वि.

तेल पोचलं. मुंजाबानं दारातूनच विचारलं, मालक कसं हायेत, लई सुकलं व्हय? मी आत बोलावलं तर आधी घोंगडी झटकली, मग पाय झटकले, मग आला आणि कोपऱ्यात बसून रडला. का रडतोस विचारलं तर म्हणाला, काय नाय, डोळ्यात लोकर गेली.

तेल शहागंजातून आणलं असं मी सांगितलं. तर तुमचे दादा म्हणाले, घरचं तेल दुसऱ्याच्या हाताला कशाला फुकट घालवतेस? शेवटी कंटाळून खरं सांगितलं, की बद्रीनाथ भाऊजींनी पाठवलंय. एकदम समाधान झालं. म्हणाले, मग लाव, त्याचा हात, त्याचं तेल, हे कायदेशीर आहे.

आता हाताचे प्रताप ऐका. त्यात थोडं बळ परत आलंय, पण ते यांच्या मर्जीनं चालत नाही. उजव्या हातानं अंगरख्याचे बंद बांधावेत, तर डावा मागोमाग सोडत जातो. पान खायला उचललं की डावा मध्येच धरून ठेवतो. तळव्याला काही लागलं की मूठ मिटते, आणि मग एकेक बोट उलगडून सोडवावं लागतं. हे कळल्यापासून गल्लीतल्या बायका पोरं घेऊन हात बघायला येतात. एकीनं तर काल त्याच्यापुढं सुपारी ठेवून मुलीचं लग्न जमेल का म्हणून कौल लावला. मूठ मिटली, म्हणजे जमेल म्हणे. शेजारचे हैदरसाहेब, तेच ते, कचेरीत यांच्याबरोबर नाझर होते, ते बघून म्हणाले, भाभी, पेशकार के हाथ में कुछ रखो तो बंद होना इच है, ये बीमारी नै, सरकारी आदत है. सगळे हसले. मीही हसले. यांचा हात नोकरीत कधी मिटला नाही, हे मला आमच्या गळक्या कौलांकडं बघून ठाऊक आहे.

आणखी एक. डावीकडचं जगच यांच्यासाठी बंद झालं आहे. जेवायला बसले की ताटातलं उजवीकडचं सगळं संपवतात आणि ओरडतात, की या घरात दुखणेकऱ्याला मीठ नाही, चटणी नाही, लोणचं नाही. आपल्यात हे सगळं डावीकडं वाढतात, ते यांना दिसतच नाही. आधी मी बोट दाखवून भांडत असे. आता गुपचूप ताट फिरवते. मग म्हणतात, आता कसं नीट वाढलंस.

पण खरी गंमत परवा झाली. नवे तहसीलदारसाहेब तब्येतीची विचारपूस करायला आले. यांना शेरवानी घालून, लोडाला टेकवून बसवलं. साहेब आत आले, यांनी आदाब करायला उजवा हात उचलला, आणि डाव्यानं त्याचं मनगट धरून खाली मांडीवर आणून ठेवलं. यांनी पुन्हा उचलला, त्यानं पुन्हा आणला. जन्मभर ज्यांनी साहेबाच्या रिकाम्या खुर्चीलाही सलाम केला, त्यांची काय दशा झाली असेल बघा. घामाघूम झाले. आणि मग भाऊजी, काय म्हणाले सांगू? म्हणाले, हुजूर, गुस्ताखी माफ, हा हात माझा नाही. माझ्या धाकट्या भावाचा आहे. पिशोरला मुदर्रिस आहे. लहानपणापासून असाच आहे, कुणासमोर वाकत नाही, पण मनानं साफ आहे.

मी दाराआड उभी होते. हातातली पानाची तबकडी खाली ठेवावी लागली.

साहेब तरुण आहेत. काय करावं हे त्यांना कोणत्या कायद्यात सापडेना, म्हणून त्यांनी हातालाही आदाब केला आणि भाईजान खैरियतसे आहेत ना म्हणून विचारलं. हे म्हणाले, नऊ वर्षांत खबर नाही हुजूर, फक्त हात पाठवलाय.

ही झाली गंमत. काल संध्याकाळी थोडा वेळ जीभ जड झाली होती. काही बोलत होते, कळत नव्हतं. मग आली ताळ्यावर. मी घाबरले आहे, हे तुम्हालाच लिहिते. तुम्ही म्हणता स्वतःच्या तोंडानं बोलावलं पाहिजे. भाऊजी, यांचं तोंड चाळीस वर्षं सरकारी नोकरीत होतं, ते इतक्या लवकर सुटायचं नाही. मी मोठी आहे म्हणून पाय धरत नाही. तरी बघते, काही करता आलं तर.

लोभ करायचा तर आता करा, पुढच्यासाठी शिल्लक टाकू नका.

तुमची,
चतुराबाई

माहे इस्फंदार, सन १३५० फसली
मुक्काम उस्मानपुरा, औरंगाबाद

बनाम बद्रीनाथ, पेशा मुदर्रिसी, राहणार मौजे पिशोर, तालुका कन्नड. वल्दियत, जी खाली सही करणाराची तीच.

तुम्हांस कळविण्यात येते की, तुमचा एक डावा हात गेल्या दिवाळीपासून खाली सही करणाराच्या घरी विनापरवाना राहत आहे. त्याची देखभाल आजवर अमानत म्हणून केली आहे. तेल वेळच्या वेळी लावले जाते. त्याबद्दल तक्रार नाही.

सदर हात कोणाचे ऐकत नाही. त्याने माननीय तहसीलदारसाहेबांच्या रूबरू गुस्ताखी केली, त्याबद्दल खाली सही करणारास तुमच्या वतीने माफी मागावी लागली. खाली सही करणाराची तब्येत ठीक नसल्यामुळे परक्या हाताची जोखीम पुढे सांभाळणे शक्य नाही. सबब ज्याचा हात त्याने जातीनिशी येऊन घेऊन जावा. मुखत्यार किंवा इतर इसम पाठवू नये, त्याच्या ताब्यात हात दिला जाणार नाही. टपालाने पाठवण्यासारखी ही चीज नाही, याची चौकशी केली आहे.

सध्या थंडी फार आहे. येताना कानटोपी घालून यावे. तुम्हांस लहानपणी कान दुखण्याचा त्रास होता, हे दफ्तरी नमूद आहे. कळावे.

सही,
आप्पासाहेब, वजीफायाब (पेन्शनर) पेशकार

(मजकूर त्यांचा, अक्षर माझं. कानटोपीचं वाक्य दोनदा खोडायला लावलं आणि पुन्हा लिहायला लावलं. वल्दियतीच्या, म्हणजे बापाच्या नावाच्या जागी बराच वेळ थांबले होते. — चतुरा)

॥ श्री ॥

पिशोर
पौष शुद्ध १३

ति. दादांच्या सेवेशी शि. सा. न.

हुकूम मिळाला. हात ताब्यात घेण्यासाठी जातीनं येत आहे. कानटोपी आहे.

आज्ञाधारक,
बद्री

॥ श्री ॥

उस्मानपुरा, औरंगाबाद
पौष वद्य ३

चि. सौ. म्हाळसास अनेक आशीर्वाद. वि.

सुखरूप पोचलो. मोटारीत कन्नडपासून एका बकरीच्या शेजारी जागा मिळाली. बकरीची वागणूक चांगली होती.

आता घरचं. दादांना बघून मी दारातच थांबलो. खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा माणूस एका उशीत मावला होता. वहिनी उजवीकडं बसून वाटीनं पेज पाजत होत्या, म्हणून मी डावीकडच्या पाटावर बसलो. नमस्कार केला, पायाला हात लावला. दादांनी वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, झालं, नऊ वर्षांचा राग, इतक्यात कुठं जातो. उठून परत जावं असंही मनात आलं, तुझ्यापासून लपवत नाही. पण वहिनींनी डोळ्यांनी खूण केली तेव्हा ध्यानात आलं, की मी चटणीच्या जागेवर बसलो आहे. डावीकडचं त्यांना दिसतच नाही.

तर मी तिथं बसलोय आणि दादा वहिनींना माझीच तक्रार सांगताहेत. नोटीस देऊन इतके दिवस झाले, आला नाही. कसा येईल, पहिल्यापासून घुम्या. रागावला की ताटावरून उठायचा, आणि मग आईला माझी भाकरी त्याला द्यावी लागायची. वहिनींनी विचारलं, आला तर काय करणार? दादा म्हणाले, काय करणार, हात देऊन टाकीन, सुटेन एकदाचा. मग थोड्या वेळानं म्हणाले, पण हात घेतल्यावर तो लगेच निघून जाईल, नाही का?

म्हाळसे, मी नुसता त्यांच्या त्या हातावर हात ठेवला. तेलानं मऊ झालेला होता. आणि त्यानं माझा हात धरला. अगदी घट्ट, जत्रेत हरवू नये म्हणून धरावा तसा. वरती दादा मला घुम्या, हेकट, नालायक म्हणत होते, आणि खाली हात सोडत नव्हता. मला रडू आलं. तू म्हणशील मास्तर रडला. रडलो.

शेवटी वहिनींनी पेजेची वाटी ठेवली, हैदरसाहेबांना हाक मारली आणि दोघांनी मिळून बाजच फिरवली, ताट फिरवतात तशी. तेव्हा मी त्यांच्या उजवीकडं आलो, धरलेला हात त्यांच्या छातीवरून आडवा, आणि त्यांना दिसलो. दादांनी मला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. मग एकदम पेशकार झाले. कानटोपी कुठं आहे, विचारलं. मी खिशातून काढून दाखवली. खिशात ठेवायला सांगितली होती का, म्हणाले. मी घातली.

मग म्हणाले, ठीक आहे, ओळख पटली, आपला हात घे आणि जा. मी म्हटलं, बरं दादा, आणि उठायला लागलो. हात सुटेना. मी जरा ओढून बघितला तर त्यानं आणखी आवळला. दादा त्याच्यावर ओरडले, की सोड त्याला, त्याला परत जायचंय. त्यानं ऐकलं नाही. तेव्हा मला म्हणाले, अरे, तुझा हात आहे, तूच सांग त्याला. मी म्हणालो, दादा, माझंही तो ऐकत नाही. दादांनी विचार केला. तुला ठाऊक नाही, दादा विचार करतात तेव्हा खालचा ओठ चावतात, आता अर्धाच चावतात. मग म्हणाले, मग काय इलाज? तो ऐकेपर्यंत तुला इथंच राहावं लागेल. मी काही तुला थांबवत नाही, ध्यानात ठेव. हे हाताचं आहे.

हैदरसाहेब म्हणाले, बराबर है, हाथ का मामला है. वहिनी चूल बघायला म्हणून आत गेल्या, आणि चुलीवर तेव्हा काही नव्हतं.

तेव्हा माझी दोन धोतरं आणि घोंगडी मुंजाबाबरोबर पाठवून दे. तिसरीचा वर्ग भिकनमास्तरांनी घ्यावा, त्यांना म्हणावं पोरांना मारू नका, मी आल्यावर मीही मारणार नाही. पोराची आणि तुझी काळजी घे. माया आहेच, ती रोज थोडी खर्च करत जा, साठवायला ठेवू नये असं इथं आल्यावर समजलं.

तुझा,
बद्रीनाथ

ता. क. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, रागावू नको. कागद सारखा सरकतो. धरायला दुसरा हात मोकळा नाही.